दुरुस्ती झाली, रंग झाला, तरी ओल आणि वास परत येतात: पाणी किंवा आगीच्या नुकसानीनंतर घराचं नेमकं काय करायचं

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच साच्यातली असते. घरात पाणी शिरलं, किंवा आग लागून विझली. साफसफाई झाली, गिलावा झाला, पुट्टी-रंग झाला, सामान जागेवर गेलं. काही महिन्यांत स्कर्टिंगच्या वर रंगाला फुगवटा येतो. बोटाने दाबला की पापुद्रा सुटतो आणि मागे ओलसर पांढरी भुकटी दिसते. कपाटाचं दार उघडलं की कुबट वास. आग लागलेल्या घरात छतावर पिवळट-तपकिरी डाग नव्या रंगातून वर येतो आणि हवा दमट झाली की धुराचा वास पुन्हा जाणवायला लागतो. मग पुन्हा खरवडणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

यात रंगाऱ्याला किंवा रंगाच्या डब्याला दोष देऊन काही हाती लागत नाही. अशा घरांतली बहुतेक दुरुस्ती वेळेआधी उरकलेली असते, हे माझं ठाम मत आहे. भिंत आतून ओली असताना वरून बंद केलेली असते. काजळी पुरती न काढता रंगाखाली दाबलेली असते. किंवा पाणी जिथून आलं ती वाट अजून उघडीच असते. म्हणून पुढे जे लिहितोय ते सगळं एका क्रमावर उभं आहे: पाण्याची वाट बंद करा, घाण काढा, वाळवा, वाळल्याची खात्री करा, आणि मगच झाका.

घरात पाऊल टाकण्याआधी

पाणी साचलेल्या खोलीत घाईने शिरणं जिवावर बेतू शकतं. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागेवरून पोहोचता येत असेल तरच तो बंद करा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही. वीजपुरवठा बाहेरून तोडून घ्या. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, बाहेर पडा आणि फोनही बाहेरूनच करा. आगीनंतर अग्निशमन दल 'आत जायला हरकत नाही' म्हणेपर्यंत थांबा, कारण जळलेला जिना किंवा पाण्याने जड झालेलं फॉल्स सीलिंग काही तासांनीही खाली येऊ शकतं.

तळघरात पाणी भरलं असेल तर पंप लावून एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते आणि तिचा दाब भिंतीवर असतो. आतलं पाणी त्या दाबाला तोलून धरत असतं. ते अचानक काढलं तर भिंत आत ढासळू शकते किंवा तळाची फरशी उचलली जाते. बाहेरचं पाणी ओसरल्यावर रोज साधारण एक तृतीयांश उपसायचं, ही जुनी आणि शहाणपणाची पद्धत आहे. पंपासाठी जनरेटर लावलात तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब ठेवा. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि बंद घरात तो झोपेतच माणूस मारतो.

आगीतून वाचलेली तिजोरी लगेच उघडू नका. तिच्या जाड भिंतींत उष्णता कित्येक तास टिकून राहते. दार उघडताच आत हवा गेली तर कोरडे होऊन तापलेले कागद पेट घेऊ शकतात. हात लावल्यावर पूर्ण गार लागली की मगच उघडा.

पाण्यात बुडालेलं वायरिंग 'वाळलं' म्हणून सुरू करायचं नसतं. बुडालेले एमसीबी, गळतीला ट्रिप होणारे ब्रेकर, स्विच आणि सॉकेट बदलायचे, कारण त्यांच्या आत गाळ आणि गंज राहतो आणि ऐन वेळी ते ट्रिप होत नाहीत. भिंतीतल्या वायरींची इलेक्ट्रिशियनकडून मेगर टेस्ट, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळते का ते पाहणारी चाचणी, करून घ्या. घरगुती सर्किटला ५०० व्होल्टवर इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम यायला हवा. 'दिवे लागतायत ना' ही परीक्षा नव्हे.

पहिले दोन दिवस

बुरशीचे बीजाणू घरात नेहमीच असतात, त्यांना फक्त ओल हवी असते. भिजलेल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला सुरुवात होते. म्हणून पहिल्या दोन दिवसांत केलेलं काम नंतरच्या दोन महिन्यांचं काम वाचवतं. हे दोन दिवस बहुतेक घरांत फरशी पुसण्यात जातात. खरं पाणी गाद्यांत, कार्पेटखालच्या फोममध्ये, स्कर्टिंगच्या मागे, कपाटांच्या तळाशी आणि फॉल्स सीलिंगच्या वर बसलेलं असतं. ते आधी मोकळं करा.

काहीही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ मात्र घ्या. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, पाण्याची पातळी दाखवणारी भिंतीवरची रेघ, उपकरणांच्या मागच्या मॉडेल नंबरच्या पट्ट्या. विमा असेल तर लगेच कळवा. सर्वेअर येईपर्यंत सगळं तसंच ठेवायचं असा एक पक्का गैरसमज आहे. नुकसान वाढू न देणं ही साधारणपणे विमाधारकाचीच जबाबदारी मानली जाते. फोटो काढा, कार्पेटचा किंवा जळक्या वायरीचा एक तुकडा नमुना म्हणून बाजूला ठेवा, आणि पाणी काढायला लागा. आणखी एक गोष्ट: बहुतेक पॉलिसींत पाईप अचानक फुटणं आणि हळूहळू झिरपणं यांत फरक करतात, आणि झिरपण्याचं नुकसान अनेकदा भरून मिळत नाही. त्यामुळे पाणी केव्हा आणि कुठून आलं याची तारखेसह नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, प्लंबरची पावती आणि फुटलेला पाईपचा तुकडासुद्धा.

पाणी कसलं होतं यावर काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरतं. नळाचा पाईप फुटून आलेलं पाणी स्वच्छ असतं, पण दोन दिवस साचलं तर तेही घाण पाण्यातच जमा. वॉशिंग मशीनचं पाणी मधल्या दर्जाचं. मैलापाणी किंवा पुराचं पाणी असेल तर गादी, उशी, कार्पेट, फोमचा सोफा वाचवायच्या भानगडीत पडू नका. मन जड होतं, पण त्यांच्या आतपर्यंत जंतू जातात आणि बाहेरून धुऊन ते निघत नाहीत. काच, धातू, ग्लेझ्ड टाइल, पक्कं लाकूड धुऊन निर्जंतुक करता येतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड एकदा फुगले की पूर्ववत होत नाहीत, पाणी कितीही स्वच्छ असो.

कागदपत्रं आणि जुने फोटो भिजले असतील आणि दोन दिवसांत सगळे वाळवता येणार नसतील, तर ते फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, आणि तुम्हाला सवड मिळते. चिकटलेले फोटो ओढून सुटे करू नका. स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवले तर बरेचसे आपोआप सुटतात.

ओल परत आली, पण ही ओल कुठली?

खरी गोम इथेच आहे. भिंतीवर दिसणारा ओला डाग चार वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. पाणी अजून येतंय. जुनंच पाणी आत अडकलंय. खोलीतल्या हवेची वाफ गार भिंतीवर बसतेय. किंवा भिंतीत राहिलेले क्षार हवेतून ओल ओढतायत. कारण न शोधता 'वॉटरप्रूफ' कोट मारला की चारही वेळा पैसे पाण्यात.

सुरुवात पाण्याच्या मीटरपासून करा. घरातले सगळे नळ, फ्लश, फिल्टर बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पाहा. आकडा हलला असेल तर दाबाखालचा पाईप कुठेतरी गळतोय. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून ठेवला आणि फ्लश न करता थोड्या वेळात भांड्यात रंग उतरला तर तिथला वॉशर गेलाय. मीटर स्थिर आहे पण ओल वाढतेच आहे, तर सांडपाण्याच्या लाइनकडे, बाथरूमच्या जमिनीकडे आणि गच्चीकडे वळायचं.

बाथरूमसाठी नहाणी ट्रॅपचं तोंड बुचाने बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी २४ तास साचवून ठेवतात. पाण्याची पातळी पेन्सिलने भिंतीवर खूण करून ठेवा. खालच्या छतावर डाग गडद झाला तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. डाग तसाच राहिला आणि शॉवर वापरल्यावरच वाढला, तर भिंतीच्या टाइलचे सांधे किंवा नळाच्या मागचा जोड संशयित. एका दिवशी एकच चाचणी करा. सगळं एकदम करून पाहिलं की कुठल्या पाण्याने डाग वाढला ते कळत नाही आणि मग ठेकेदार सगळंच तोडायचा सल्ला देतो.

आता फॉइलची चाचणी. मला ही सगळ्यात आवडते, कारण तिला जवळजवळ खर्च नाही आणि ती खोटं बोलत नाही. ओल्या वाटणाऱ्या भिंतीचा वहीच्या पानाएवढा भाग हेअर ड्रायरने वरून कोरडा करा. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल किंवा स्वच्छ प्लास्टिक लावून चारही कडा टेपने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसतेय. फॉइल सोडवल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. पहिल्या वेळी इलाज वायुवीजनाचा आहे: बाथरूमचा एक्झॉस्ट, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, कपडे घरात न वाळवणं. दुसऱ्या वेळी पाण्याची वाट किंवा अडकलेलं पाणी शोधायचं. दोन्ही बाजूंना थेंब असणंही शक्य आहे, आणि तेव्हा दोन्ही कामं करावी लागतात.

उरले क्षार. पाणी विटेतून आणि सिमेंटमधून जाताना तिथले क्षार विरघळवून पुढे आणतं. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागावर राहतात. हीच ती पांढरी भुकटी. ती ओल्या फडक्याने पुसली की क्षार विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या कडक ब्रशने झाडा, खाली कागद पसरून भुकटी गोळा करा आणि घराबाहेर टाका. काही क्षार, विशेषतः नायट्रेट आणि क्लोराइड, हवेतली ओल स्वतःच शोषतात. अशा भिंती कोरड्या दिवसांत छान दिसतात आणि दमट दिवसांत ओल्या. गळती कधीच बंद झालेली असते, तरी डाग येत-जात राहतो. पुराचं किंवा मैल्याचं पाणी बसलेल्या भिंतींत हे हमखास होतं. तिथे क्षारांनी भरलेला गिलावाच विटेपर्यंत काढावा लागतो, डागाच्या वर आणखी एखादा हात उंच, आणि वीट वाळल्यावर नवीन करावा लागतो. जुन्या गिलाव्यावर कितीही भारी रंग लावला तरी आतून क्षार तो ढकलून देतात.

डागाची उंचीही बरंच सांगते. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं जमिनीतलं पाणी विटेत चढतं, आणि साधारण मीटरभर उंचीपर्यंत थांबतं. डाग त्याच्या बराच वर असेल, किंवा भिंतीच्या मधोमध एकटाच असेल, तर जमिनीला दोष देऊ नका. पाईप, खिडकीची चौकट किंवा बाहेरच्या गिलाव्यातली भेग बघा.

वाळवणं: खिडक्या उघडायच्या की बंद ठेवायच्या?

'सगळी दारं-खिडक्या उघडा, पंखे लावा' हा सल्ला अर्धवट आहे. हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरते. २० अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम पाणी मावतं, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेत जवळपास २६ ग्रॅम पाणी आहे. घराची ओली भिंत २५ अंशांवर असेल, तर तिच्यालगतची हवा २३ ग्रॅमच धरू शकते. म्हणजे खिडकी उघडून तुम्ही भिंतीवर आणखी पाणी आणून बसवताय. बाहेरची हवा खरोखर कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडा. दमट दिवसांत खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर चालवा, त्याचं भांडं रोज रिकामं करा, किती पाणी निघालं ते लिहून ठेवा. दहा-वीस रुपयांच्या वहीपेक्षा जास्त काही लागत नाही, पण निघणारं पाणी दिवसेंदिवस कमी होत गेलेलं त्या वहीत दिसतं आणि धीर येतो. साधा आर्द्रतामापक घेऊन खोलीत ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली यायला हवा, ५० च्या आसपास असेल तर उत्तम.

पंखा भिंतीला समोरून न लावता तिरका लावा, म्हणजे हवा भिंतीला घासत जाते. मैलापाण्याची घाण किंवा बुरशी आधी काढली नसेल तर पंखा लावूच नका, नाहीतर ती घरभर पसरते. आणि हीटर लावून घाई करू नका. पृष्ठभाग झपाट्याने वाळून तडकतो, लाकडी फळ्या वाकतात, आत पाणी तसंच राहतं.

भिंत दोन टप्प्यांत वाळते, हे कळलं की पुष्कळ गोंधळ संपतो. पहिल्या टप्प्यात आतलं पाणी बारीक छिद्रांतून ओढलं जाऊन पृष्ठभागापर्यंत येतं आणि तिथून उडतं. हे भराभर होतं. मग ती ओढ तुटते. पुढचं पाणी आतल्या आत वाफ होऊन हळूहळू बाहेर पडतं. याच वेळी भिंतीचा रंग फिकट होतो, हाताला कोरडी लागते, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. आत मात्र अर्धंअधिक पाणी शिल्लक असू शकतं. काँक्रीटसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना, तोही हवा चांगली असेल तर. दोन्ही बाजूंनी गिलावा असलेली जाड विटेची भिंत पंधरवड्यात वाळत नाही, कुणी कितीही खात्रीने सांगो.

या काळात भिंतीला श्वास घेऊ द्या. ऑइल पेंट, विनाइल वॉलपेपर, टाइल यांतून वाफ बाहेर पडत नाही. ओल्या भिंतीवरचा असा थर निदान तळापासून डागाच्या वरपर्यंत काढून टाका. स्कर्टिंग काढा. फरशीखालचा भराव भिजला असेल, विशेषतः बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधला, तर तो स्वतःहून वाळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. वरून फरशी, खालून काँक्रीट, बाजूंनी वॉटरप्रूफिंग. पाणी जाणार कुठे? तिथे एखादी लादी काढून आत खरंच पाणी आहे का ते बघावंच लागतं.

वाळलं, हे कशावरून म्हणायचं?

हात लावून कळत नाही. लाकडासाठी दोन टाचण्यांचा ओलावामापक घ्या. घरातल्या निरोगी लाकडात बहुधा ८ ते १२ टक्के ओलावा असतो. १५ च्या वर असेल तर झाकू नका, २० च्या वर राहिलं तर कुजण्याचा धोका. तोच मापक गिलाव्यावर आणि विटेवर खरा टक्का दाखवत नाही, कारण तो लाकडासाठी बेतलेला असतो आणि क्षार असतील तर आकडा फुगतो. तरीही उपयोग आहे. घरातल्या न भिजलेल्या, तशाच बांधणीच्या भिंतीवर आकडा घ्या, तोच तुमचा संदर्भ. भिजलेल्या भिंतीवर पेन्सिलने सात-आठ जागी खुणा करा, दर आठवड्याला त्याच खुणांवर मोजा. आकडे संदर्भाच्या जवळ येऊन दोन-तीन आठवडे स्थिर राहिले की समजा वाळली.

काँक्रीटच्या जमिनीवर सुमारे ४५ सेंटीमीटर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने लावून किमान १६ तास ठेवतात. खाली दव किंवा गडद डाग दिसला तर लाकडी फ्लोअरिंग किंवा विनाइल अजून लांबच ठेवा. भिंतीसाठी फॉइल पुन्हा लावून बघा.

गिलावा ठोकूनही पाहा. बोटाच्या पेराने किंवा लाकडी दांड्याने हळू ठोकत जायचं. धरलेला गिलावा ठणठणीत, आखूड वाजतो. सुटलेला पोकळ, बोदा वाजतो. पोकळ वाजणाऱ्या भागाची हद्द खडूने आखा आणि तेवढा काढून टाका. वर पुट्टी चढवून तो वाचत नाही.

बुरशी घासली तरी परत येते

कारण ओल तशीच आहे. दुसरं काही नाही. सुमारे एक चौरस मीटरपर्यंतचा भाग घरच्या घरी साफ करता येतो: एन-९५ मास्क, हातमोजे, गॉगल, खोलीचं दार बंद, आणि साबणाचं पाणी. कडक, न शोषणाऱ्या पृष्ठभागावर डिटर्जंटने घासून पूर्ण कोरडं करणं बहुधा पुरतं. ब्लीचवर भरवसा ठेवू नका. गिलावा किंवा लाकडावर तो वरचा काळा रंग घालवतो, त्यातलं पाणी आत मुरतं आणि आतली बुरशी जगते. ब्लीच अमोनियाच्या किंवा ॲसिडच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. कोरडी बुरशी खरवडू नका, आधी फवारून ओलसर करा. भाग मोठा असेल, पाणी मैल्याचं असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण, लहान बाळ, प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर जाणत्या माणसाला बोलवा आणि त्या काळात त्यांना दुसरीकडे ठेवा. बुरशी धरलेलं फॉल्स सीलिंगचं बोर्ड, कार्पेट, गादी साफ होत नाही, टाकावंच लागतं.

आगीनंतर

आग लागलेलं घर हे बहुतेक वेळा पाणी शिरलेलंही घर असतं, आणि हीच गोष्ट विसरली जाते. विझवायला मारलेलं पाणी स्लॅबवर, भिंतींत, खालच्या मजल्यावर उतरलेलं असतं. काजळीच्या गडबडीत त्याकडे कुणी बघत नाही आणि महिन्याभराने बुरशी दिसते. म्हणून वरचं वाळवण्याचं सगळं इथेही लागू.

काजळी दिसली की हात ओल्या फडक्याकडे जातो. तिथेच थांबा. काजळी अतिशय बारीक आणि अनेकदा तेलकट असते. ओलं फडकं फिरवलं की सुटी पडलेली करडी धूळ क्षणात काळ्या, चिकट पट्ट्यात बदलते आणि रंगाच्या छिद्रांत बसते. नंतर ती साबणालाही दाद देत नाही. आधी कोरडं काम करायचं. हेपा फिल्टरचा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा व्हॅक्यूम, नळीचं तोंड पृष्ठभागाला न टेकवता किंचित वर धरून. मग काजळी टिपायचा कोरडा रबरी स्पंज, वरून खाली, एकाच दिशेने, घासायचं नाही. एक बाजू काळी झाली की ती कापून टाकायची. एवढं झाल्यावर सौम्य डिटर्जंटने धुणं. रंगवलेली भिंत धुताना खालून वर जा, कारण कोरड्या भिंतीवरून ओघळलेल्या काळ्या पाण्याच्या रेघा पक्क्या बसतात. शेवटी स्वच्छ पाण्याने वरून खाली पुसून घ्या.

हे काम लांबवू नका. काजळी आम्लधर्मी असते. पीव्हीसीच्या वायरी आणि पाईप जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, ओलीशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, आणि नळ, बिजागऱ्या, उपकरणांतले तांब्याचे भाग काही दिवसांत खायला लागतं. धुरात सापडलेला टीव्ही, संगणक किंवा फ्रिज 'चालतो का बघू' म्हणून लावून बघू नका. आतल्या बोर्डवर बसलेली काजळी वीज वाहून नेऊ शकते. आधी उघडून साफ, मग चालू. एसी आणि हवेच्या वाहिन्यांचे (डक्टचे) पंखे साफ होईपर्यंत बंदच ठेवा, नाहीतर न जळलेल्या खोल्यांतही काजळी जाते. उष्णता लागलेली औषधं, खाण्याचे पदार्थ, सौंदर्यप्रसाधनं टाकून द्या, डबा बाहेरून धडधाकट दिसला तरी.

वास परत येतो तो का? धुराचे कण आणि वायू गार पृष्ठभागांकडे जाऊन बसतात: बाहेरच्या भिंतींचे कोपरे, बंद कपाटांचे आतले भाग, खिडक्यांच्या काचा. हवा दमट किंवा गरम झाली की तिथे शोषलेले वायू पुन्हा सुटतात. म्हणून नाकाला विचारत बसण्यापेक्षा पांढरं सुती फडकं घ्या आणि ज्या जागा साफ करताना कुणी बघितल्या नसतील तिथे फिरवा: फॉल्स सीलिंगच्या वरचा स्लॅब, स्विचबोर्डच्या डब्यांच्या आत, खणांच्या मागच्या आणि खालच्या न रंगवलेल्या फळ्या, दाराच्या चौकटीची वरची कड, पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, पडद्याच्या पट्टीच्या मागे. फडकं करडं झालं की वासाचा उगम सापडला. स्वयंपाकघरात भांडं जळून धुमसलेल्या आगीत तर डाग जवळजवळ दिसतच नाही, फक्त फिकट चिकट थर आणि उग्र वास. तिथे सगळे पृष्ठभाग चरबी काढणाऱ्या क्लीनरने धुवावे लागतात.

सुगंधी फवारे वास झाकतात, घालवत नाहीत. ओझोन मशीनबद्दल फार जाहिराती होतात, पण ओझोन फुप्फुसांना घातक आहे आणि रबर खराब करतो. काजळी भिंतीत तशीच ठेवून ओझोन सोडणं मला अजिबात मान्य नाही. माणसं आणि पाळीव प्राणी घरात असताना तर तो वापरूच नये.

सगळं साफ आणि कोरडं झाल्यावर जे हलके डाग उरतात त्यांवर थेट इमल्शन लावलं तर ते त्यातल्या पाण्यात विरघळून वर येतात. छतावरचा तपकिरी डाग तीन-तीन हात देऊनही दिसतो तो यामुळेच. आधी डाग अडवणारा शेलॅकचा किंवा ऑइल बेस प्रायमर, मग रंग. पाण्याच्या जुन्या डागालाही हेच. मात्र हा थर वाफ अडवतो, म्हणून भिंत वाळल्याची खात्री झाल्याशिवाय लावू नका.

आणि काँक्रीटकडे नीट बघा. सुमारे ३०० अंशांच्या पुढे बऱ्याच प्रकारच्या काँक्रीटवर गुलाबी छटा येते आणि तिथून पुढे त्याची ताकद घटत जाते. काजळी काढल्यावर तुळई, स्लॅब किंवा खांबावर गुलाबी पट्टा, उडालेले कपचे, उघडी सळई किंवा नवी भेग दिसली, तर गिलावा करायचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक चाचणी, गरज पडली तर काँक्रीटचा गाभा काढून तपासतो. जिप्समच्या गिलाव्यातही फसगत होते. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एक पंचमांश पाणी बांधलेलं असतं. आगीत ते निघून जातं आणि गिलावा जागेवर असला तरी भुसभुशीत होतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत गेलं तर तो काढा.

ठेकेदाराशी बोलताना

काम देण्याआधी तीन गोष्टी विचारा. ओल कुठून आली असं तुमचं म्हणणं आहे आणि ते कशावरून? रंगाआधी ओलावा कसा मोजणार आणि मला आकडे दाखवणार का? जुना गिलावा किती उंचीपर्यंत काढणार? जो माणूस भिंत न तपासता पहिल्याच भेटीत रासायनिक कोटचा भाव सांगतो, त्याला काम देऊ नका. करारात गिलावा काढणं, वाळवणं आणि रंग हे तीन वेगळे टप्पे लिहून घ्या, आणि रंगाचे पैसे भिंतीचे आकडे बघूनच द्या. राहायची घाई असेल तर भिजलेल्या खोलीचं फक्त अर्धं काम थांबवा: जमीन, वीज, दारं करून घ्या, खालचा मीटरभर भाग उघडा ठेवा. दिसायला वाईट दिसतं, पण त्या उघड्या विटेतूनच पाणी जातं. अगदीच नकोसं वाटलं तर तेवढ्या भागाला चुना लावा. चुन्यातून वाफ जाऊ शकते.

रंग झाल्यावर पहिलं वर्षभर कपाटं भिंतीला चिकटवू नका, स्कर्टिंगच्या मागे सिलिकॉन भरू नका, आणि पेन्सिलच्या त्याच खुणांवर महिन्यातून एकदा मापक लावत राहा. आकडा वर चढायला लागला तर फुगवटा दिसण्याआधीच पाण्याचा मीटर बघायला जा.